एकोणतीस नंबरची झेंडी

"ह्यो हिरवा झेंडा कोणाचा हाय रे?"

नगरपंचायतीचे पैठणे बाबू बागेच्या फाटकाशी उभे राहून वॉचमनला विचारत होते. आवाज त्यांनी मुद्दाम खाली घेतला होता, पण खाली घेतलेला आवाज आमच्या गावात जरा जास्तच लांब जातो. मी हौदापाशी पालक धूत होते, मलाही ऐकू आलं. वॉचमन तोंड उघडणार, तेवढ्यात भेंडीच्या ओळींमागून उत्तर आलं.

"झेंडा न्हाई, झेंडी!"

पाठोपाठ खरात काका बाहेर आले. डोक्याला उपरणं, अंगात रेल्वेचा विटका निळा शर्ट, हातात खुरपं. त्यांनी खुरप्याचं टोक पैठणे बाबूंच्या वहीकडे रोखलं.

"झेंडा पक्षाचा असतो, देवाचा असतो, देशाचा असतो. झेंडी कामाची असते. बराबर लिहून घ्या."

पैठणे बाबूंनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते पुढे नोटिशीबरोबर आलेल्या कागदात वाचायला मिळालं: 'प्लॉट क्र. २९. हिरवा झेंडा. उंची अंदाजे बारा फूट. प्लॉटधारक उद्धट.'

खरात काका उद्धट नाहीत. ते गेटमन होते. अख्खी नोकरी त्यांनी परतूरच्या अलीकडच्या एका रेल्वे फाटकावर काढली. गाडी यायच्या आधी फाटक बंद करायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, गाडी पुढून जाताना तिची सगळी चाकं नजरेखालून घालायची, आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डानंही हिरवी झेंडी दाखवली की मगच फाटक उघडायचं. या देवाणघेवाणीला ते 'आलराइट' म्हणतात. "मी म्हणलो आलराइट, त्यो म्हणला आलराइट, मंग जगाला जाऊ द्या." निवृत्त झाल्यावर ते काकूंच्या माहेरगावी, म्हणजे आमच्या गावी, घर बांधून राहिले. गंमत अशी की आमच्या तालुक्याच्या गावातून आजवर एकही गाडी गेलेली नाही. रेल्वे बघायची तर एसटीत बसून जालन्यापर्यंत जावं लागतं. अशा गावात हा माणूस रोज सकाळी सात दहाला घरातून निघतो आणि दारात थांबून विचारतो, "लाईन क्लिअर?" कोणाला विचारतो ते बरेच दिवस कळत नव्हतं.

त्यांच्या प्लॉटात भेंडीची ओळ अप लाईन आहे आणि वांग्यांची डाउन. मधली पायवाट म्हणजे प्लॅटफॉर्म; तिथे चप्पल घालून उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. दुधवाला त्यांच्या लेखी पॅसेंजर, कारण तो प्रत्येक दारी थांबतो. सोनवणे गुरुजी मालगाडी, कारण ते बोलायला लागले की संपत नाहीत आणि मध्ये कोणाला ओलांडता येत नाही. शेजारच्या लग्नात पंगतीला उशीर झाला तेव्हा काका आचाऱ्याला जाऊन म्हणाले, "किती लेट हाय ते तरी अनाउन्स करा."

मला ते 'बिनशिट्टीची गाडी' म्हणतात.

"ही पोरगी कधी आली, कधी गेली, पत्ता लागत न्हाई. अशी गाडी लई डेंजर. माय, शिट्टी तरी मारत जा!"

हे खरं आहे. माझं शिक्षण इंग्लिश मिडियमला झालं. मराठी घरात बोलते, पण चार लोकांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की आधी इंग्रजी वाक्य तयार होतं. मग त्याचं मराठी करावं लागतं. ते होईपर्यंत विषय बदललेला असतो. मला राग येत नाही असं लोकांना वाटतं. येतो. फक्त तो तोंडापर्यंत पोचतो तोवर समोरचा माणूस घरी जाऊन जेवून आडवा झालेला असतो.

बाग म्हणजे आमच्या लेआउटची मोकळी जागा. गाजरगवतानं भरलेली होती. नगरपंचायतीनं तिचे छोटे छोटे तुकडे पाडून आसपासच्या घरांना भाजीपाल्यासाठी वाटले, फाटकावर 'परसबाग योजना' अशी पाटी लावली आणि मग ती विसरून गेली. पाणी आठ-आठ दिवस येत नाही. आलं तर इतकं बारीक झिरपत येतं की हौदाला झऱ्याची आठवण व्हावी. कुंपणावर मात्र वर्षभर हसरी माणसं टांगलेली असतात. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचं नुसतंच हार्दिक अभिनंदन. एका बॅनरनं आमच्या टोमॅटोवरचं ऊन पूर्ण पावसाळाभर अडवलं. आईनं तक्रार केली तर पैठणे बाबू म्हणाले, "ताई, नेत्याचा फोटो हाय, त्याला कसं हलवणार?"

आईचा प्लॉट तीस नंबरचा. काकांच्या अगदी शेजारचा. पाणी घालायला मी जाते. त्यामुळे त्या झेंडीची मी रोजची साक्षीदार.

काकांनी बांबू रोवला होता, त्याच्या टोकाला छोटी कप्पी आणि कप्पीतून दोरी. प्लॉटात आले की पहिलं काम झेंडी वर. मग कोपऱ्यातल्या दगडावर चढून टाच उंचावून रस्त्याकडे बघायचं. थोडा वेळ तसंच उभं. मग उतरून खुरपं हातात घ्यायचं. दर अर्ध्या तासानं झेंडी खाली आणायची, पुन्हा वर चढवायची, पुन्हा दगडावर. नवीन माणसाला वाटायचं म्हातारा सरकलाय. जुन्या माणसांनाही वाटायचंच, पण त्यांना सवय झाली होती.

काकूंना मात्र दोन वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी त्या कशा होत्या हे आईकडून ऐकलं होतं: एका घरातून हाक मारली की तिसऱ्या गल्लीतली बाई "ओ" द्यायची. काकांना कोणी विचारलं, "काकू कशा आहेत?" तर एकच उत्तर यायचं.

"आलराइट."

आणि पुढच्या क्षणी विषय भेंडीवरच्या किडीवर गेलेला असायचा.

तर, नोटीस आली. 'सार्वजनिक जागेत विनापरवाना ध्वज उभारल्याबाबत.' सोबत एक छापील फॉर्म. त्यात रकाना होता: ध्वजाचा प्रकार – राष्ट्रीय, धार्मिक, राजकीय, इतर. काका तो घेऊन आमच्या प्लॉटाच्या बांधावर बसले.

"यात झेंडी कुठं हाय?"

"इतरमध्ये, काका."

"इतरला परवानगी लागती म्हणे. आणि परवानगी कोण देणार? तर राष्ट्रीय, धार्मिक, राजकीयवाले!"

त्यावेळी पैठणे बाबूही तिथेच होते. पानाची पिंक कुठे टाकावी याचा विचार करत ते मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "काका, राग मानू नका, पण वार्डातले लोक विचारून राह्यले. तुमचा तर निळा पाहिजे ना? हिरवा कसा काय?"

मी हातातली पाण्याची झारी खाली ठेवली. या बाबूंना आमच्या प्लॉटांना पाणी कधी येतं हे कधीही सांगता आलं नव्हतं. पण कोणत्या घराला कोणता रंग शोभतो हे त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या डोक्यात एक फर्मास वाक्य तयार झालं. इंग्रजीत. मी त्याचं मराठी करू लागले.

काका तेवढ्यात बोलून मोकळे झाले. "निळा घरात हाय, फोटोपाशी. त्यो माझ्या मनाचा. ही कामाची. रेल्वेत हिरवी दाखवली तर गाडीतल्या कोणत्याच माणसानं विचारलं न्हाई, की तू कोण."

पैठणे बाबूंनी पिंक टाकली. बांधावरच.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. "तू लिही. कॉम्प्युटरवर लिही. हातानं लिहिलेलं ते वाचत न्हाईत." मी घरून काम करते, लॅपटॉप कायम उघडा असतो. काका समोर बसून सांगत होते, मी टाईप करत होते. सगळं बरोबर टाईप केलं. 'झेंडी हे रेल्वेचे इशारा देण्याचे साधन असून तो ध्वज नाही' हे वाक्य तर मला अजून आवडतं. फक्त एक चूक झाली. काका म्हणाले, "प्लॉट नंबर एकोणतीस." आणि मी ३९ लिहिलं.

इंग्लिश मिडियमच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. अठरापर्यंत जीव कसाबसा तग धरतो. पण 'एकोण' आला की पाय घसरतो. एकोणतीस म्हणजे तीस आणि नऊ असं मला जन्मभर वाटत आलं आहे. दरवेळी आई सांगते, दरवेळी मी विसरते. शेजारच्या प्लॉटाचा नंबर तीस आहे हे माहीत असूनही माझ्या लक्षात आलं नाही.

नगरपंचायतीची कार्यतत्परता इथे दिसली. पाण्याच्या अर्जाला त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. या अर्जाला तीन दिवसांत दिलं: 'प्लॉट क्र. ३९ येथील झेंडा तात्काळ काढावा.' एकोणचाळीस नंबर सोनवणे गुरुजींचा. त्यांच्या प्लॉटात मेथी, दोन वांगी आणि एक प्लास्टिकची खुर्ची, एवढंच. गुरुजींनी नोटीस तीनदा वाचली. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या. आणि मग त्यांना आयुष्यात पहिल्यांदा संताप आला.

"नसलेला झेंडा मी काढू कसा? काढण्यासाठी आधी लावावा लागेल. शासनाचा आदेश आहे. लावतो."

त्यांनी खुर्चीला काठी बांधली आणि काठीला स्वतःचा गुलाबी टॉवेल.

एकाला परवानगी नसताना दुसऱ्यानं लावला म्हटल्यावर बाकीचे कसे मागे राहणार? आठवड्याभरात बागेत भगवा आला, निळा आला, पिवळा आला, आपल्याला क्रिकेट संघाचा लागतो म्हणून एकानं टी-शर्ट लावला. बावीस नंबरच्या आजींनी आपलं चिमण्या हुसकवायचं लुगड्याचं फडकं काढून घेतलं, कारण पैठणे बाबूंनी त्याचीही नोंद केली होती: 'जांभळा झेंडा, काठासह.' सगळी बाग फडफडायला लागली. आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या काठीची उंची मोजायला लागला.

याचा दोष कोणाला मिळाला? काकांना. "एका तुमच्या झेंड्यापायी!" लोक येता-जाता सुनावायचे. मी माझ्या ३९ची कबुली काकांकडे दिली तेव्हा मला रडू येत होतं. काका हसले.

"चुकीच्या लाईनवर गाडी घेतलीस, माय. होतं. धडक तर झाली न्हाई ना?"

धडक व्हायची होती. सर्वांसाठी एकच आदेश निघाला: सात दिवसांत सर्व झेंडे काढा, अन्यथा प्लॉटवाटप रद्द, हरकत असल्यास सोमवारी सुनावणी. बाकीच्यांनी एका दिवसात काढले. हौस फिटली होती. गुरुजींचा टॉवेलही आंघोळीला परत गेला. राहिली ती एकच, हिरवी.

सात दिवस पूर्ण व्हायच्या आत, शनिवारी सकाळीच, पैठणे बाबू दोन माणसं घेऊन आले. काका वांग्यांत वाकले होते. उठून पुढे येईपर्यंत एकानं विळ्यानं दोरी कापली. झेंडी मातीत पडली.

काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "उतरवायचीच तर मला उतरवू द्यायची. झेंडी गुंडाळून ठेवतात. अशी न्हाई टाकत."

त्या माणसानं ती बोळा करून पोत्यात कोंबली. पैठणे बाबूंनी वहीत खूण केली. बांबू उपटून कुंपणावर ठेवला, एका हसऱ्या नेत्याच्या पायाशी.

आणि मग रस्त्यापलीकडून, काकांच्या घरातून आवाज आला. स्टीलचा पेला खिडकीच्या गजांवर आपटल्याचा. एकदा, दोनदा, मग न थांबता. काकांनी हातातलं खुरपं टाकलं आणि ते पळाले. सत्तरीचा माणूस, अनवाणी, स्वतःच्याच प्लॅटफॉर्मवरून भेंडी तुडवत पळाला.

"म्हातारीला काय झालं?" पैठणे बाबूंनी विचारलं.

मला माहीत होतं. मला खूप दिवसांपासून माहीत होतं. माझं कामाचं टेबल आमच्या वरच्या खिडकीशी आहे. तिथून बाग दिसते आणि काकांचं घरही. काकांच्या घराची खिडकी रस्त्याकडे आहे, पण मध्ये पाण्याच्या टाकीची भिंत येते. त्या खिडकीत पलंगावर बसलेल्या माणसाला भिंतीवरून फक्त बांबूचं टोक दिसणार. म्हणून तो बारा फुटांचा. झेंडी वर गेली की त्या खिडकीच्या वरच्या गजांतून हळूहळू एक लाटणं बाहेर येतं. लाटण्याला हिरवा ब्लाऊजपीस बांधलेला असतो. धरणारा हात डावा. तो दोनदा हलतो, तिसऱ्यांदा दमतो. इकडे दगडावर चढलेला माणूस ते बघतो, खाली उतरतो आणि मग खुरपं हातात घेतो. दर अर्ध्या तासाला. मी म्हणलो आलराइट, ती म्हणली आलराइट.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पडदा ओढून घेतला होता. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं झालं. नंतर ओढला नाही. पण कोणाला सांगितलंही नाही. आईलासुद्धा नाही. ती त्यांची गोष्ट होती, आणि मी ती चोरून पाहत होते.

त्या दिवशी पैठणे बाबूंनाही मी काही सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं नाही. त्याबद्दल मी स्वतःवर अजून चिडलेली आहे.

रविवारी काका प्लॉटात आले नाहीत. भेंडी एका दिवसात जून होते, म्हणून मी तोडली आणि त्यांच्या दारी गेले. काकांनी दार अर्धंच उघडलं. पिशवी घेतली.

"काकू कशा आहेत?"

"आलराइट," ते म्हणाले. आवाज रोजचा नव्हता. मग म्हणाले, "मला आता जाता येत न्हाई, माय. तिला कळत न्हाई मी कुठं हाय ते. मागं दोनदा चक्कर येऊन पडलो ना बागेत, तवापासून भेतीय ती. प्लॉट सोडून देतो म्हणलो. तर रडून राह्यली. म्हणजे, सोडू नको."

त्यांच्या खांद्यावरून मला पलंगाची कड दिसली. उशीपाशी लाटणं पडलं होतं. त्यावरचं हिरवं कापड अजून सोडलेलं नव्हतं.

"उद्या सुनावणीत सांगा ना, काका, हे सगळं."

"न्हाई." हा शब्द ते फाटक पाडल्यासारखा म्हणाले. "तिचं दुखणं टेबलावर मांडून परवानगी आणायची? बिलकुल न्हाई. कधी काळी ती साऱ्या गल्लीला ऐकू जायची. तिची कीव करत बसतील सगळे. झेंडीवर काय बोलायचं ते मी बोलतो."

सोमवारी नगरपंचायतीच्या त्या खोलीत मी मागच्या बाकावर बसले. आले होते ते ३९ ही चूक माझी आहे हे सांगायला. तेवढं एक वाक्य पाठ केलं होतं. समोर मुख्याधिकारी, तरुण, दमलेले, समोर फायलींचा ढीग. बाजूला पैठणे बाबू. टेबलावर पुरावा म्हणून ते पोतं. आणि मुख्याधिकाऱ्यांच्या डोक्यावर भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोठा फोटो: नव्या घंटागाडीचं उद्घाटन. नगराध्यक्ष ऐटीत उभे आणि त्यांच्या हातात हिरवी झेंडी.

काकांनी त्या फोटोकडे बोट केलं.

"ती काय हाय, साहेब?"

"ती? ते उद्घाटन आहे. घंटागाडीला हिरवी झेंडी दाखवली."

"झेंडी म्हणलात. बराबर. पैठणे, ती कोणाकडून आणली होती ते सांगा की."

पैठणे बाबू आपल्या वहीत काहीतरी शोधू लागले.

"मी सांगतो. गावात हिरवी झेंडी सापडत नव्हती, म्हणून हेच पैठणे माझ्या दारी आल्ते. तीच ही, साहेब. फोटोत कोपऱ्याला ठिगळ दिसतंय का बघा. पोत्यातल्यालाबी तेच ठिगळ हाय. माझ्या बायकोनं लावलेलं, दोन्ही हात चालत होते तवा. अध्यक्षांनी धरली तर झेंडी, मी धरली तर झेंडा?"

माझ्या शेजारी बसलेले गुरुजी खाकरले. "साहेब, मी तीस वर्षं मराठी शिकवलं. दोन्ही शब्द वेगळे आहेत. आपल्या फॉर्मात एक शब्द कमी आहे."

मुख्याधिकाऱ्यांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. ते वाईट माणूस वाटले नाहीत. ज्याला आज अजून अकरा प्रकरणं उरकायची आहेत असा माणूस वाटले.

"ठीक आहे, काका. आपण मधला मार्ग काढू. कापड ठेवा. पण उंची पाच फूट. रस्त्यावरून दिसायला नको, म्हणजे कोणाची तक्रार नाही. लिहा हो, पैठणे."

"पाच फूट चालत न्हाई."

"का?"

"दिसत न्हाई, साहेब."

"अहो, दिसू नये म्हणूनच तर पाच फूट. कोणाला दिसत नाही?"



 काकांनी उपरणं काढलं, हातात धरलं, त्याची घडी घालायला लागले. आधी लांबीत, मग गोल गुंडाळत. झेंडी गुंडाळतात तशी.

"बघा, साहेब," पैठणे बाबू पुढे झुकले. "मी म्हणतच होतो. दर अर्ध्या तासाला खाली-वर, खाली-वर. कोणाला तरी इशारा चाललाय. विचारलं की गप. काका, सांगून टाका. कोणाला दाखवता झेंडा?"

खोलीत कोणीतरी हसलं. मुख्याधिकाऱ्यांनी पेन उघडलं. काका उपरणं गुंडाळत राहिले. मला दिसत होतं की ते आता प्लॉट सोडतो म्हणणार. ओठ तसे हलले होते.

मी उभी राहिले होते. कधी, ते आठवत नाही. सगळे वळून बघत होते. ३९चं पाठ केलेलं वाक्य डोक्यातून पुसलं गेलं होतं. इंग्रजी वाक्य तयार झालंच नाही. काकांनी माझ्याकडे बघून हळूच नकाराची मान हलवली. ती मला नीट दिसली, आणि तरीही मी बोलले.

"काकूंना. पाच फुटांची काकूंना दिसत नाही. त्या खिडकीतून बघतात आणि उलट लाटणं दाखवतात. मी रोज बघते. आणि सर, तो झेंडा नाही. झेंडी आहे."